न दिलेली मान्यता

"कळंबला सॉफ्टवेअर? म्हणजे कांद्याच्या चाळीसाठी का हो?"

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, नाही बाई, खरंखुरं सॉफ्टवेअर. पुण्यात काचेच्या इमारतीत करतात तसलंच, फक्त आमच्याकडे खाली खतांचं दुकान होतं. त्या हसल्या. म्हणाल्या, "मग लिहाच. पण जरा हलकंफुलकं लिहा, दिवाळी आहे." हलकंफुलकं जिथं जमेल तिथं लिहीन. शेवट मात्र गोड होणार नाही, हे आधीच सांगते. ज्यांना गोडच हवं त्यांनी पानं उलटून पाककृतींकडे जावं.

माझं माहेर ओतूरचं. नव्वदच्या दशकात तिथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकले. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, देवळात काढतात तशा, आणि पंखा कॉम्प्युटरच्या तोंडावर असे, आमच्या नव्हे. पुढं लग्न होऊन कळंबला आले. आमचे हे शिक्षक, घोडेगावच्या पलीकडच्या शाळेवर. घरी सासूबाई, सासरे म्हणजे आबा, आणि दोन लहान मुलं. पुण्यात नोकरी घ्यायची म्हणजे घर सोडायचं, आणि घर सोडायचं नाही म्हणजे नोकरी सोडायची, हे आमच्याकडे कुणीही तोंडानं न बोलता ठरलेलं होतं. म्हणून पुणे-नाशिक रस्त्यावर, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सॉफ्टवेअरचं ऑफिस निघालं, तेव्हा मला वाटलं देवानं माझ्यासाठीच काढलं.

देवानं नव्हतं काढलं. अविनाश सरांनी काढलं होतं. सर मूळचे आंबेगाव तालुक्यातलेच, पण परदेशात राहून आलेले. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला होता, गावच्या मुलांना गावातच काम देणारा उद्योजक म्हणून. ते खोटं नव्हतं. गावच्या मुलांचा पगार पुण्याच्या मुलांच्या तिसऱ्या हिश्श्याइतका असतो, एवढं फक्त त्या बातमीत लिहायचं राहिलं होतं. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. दुपारी घरी जाऊन मुलाला वरणभात भरवून परत कामावर येता येतं, अशी नोकरी कुणाला मिळते?

आबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तू तिथं दिसभर नेमकं करती काय?"

मी त्यांना मंचरच्या छापखानेवाल्याची गोष्ट सांगितली. हा गृहस्थ लग्नपत्रिका छापायचा. त्याच्या कॉम्प्युटरवर एकाच पत्रिकेच्या फायली असायच्या: फायनल, फायनल दोन, नवीन फायनल, आणि खरंच फायनल. एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि दोन महिन्यांनी दुसरीकडे जमलं. पत्रिका त्याच्याकडेच. यानं घाईत 'फायनल दोन' उघडली. सहाशे पत्रिका मोडलेल्या नवरदेवाच्या नावानं छापून गावोगाव गेल्या. त्यानंतर तो आमच्या ऑफिसात धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, मला असं काय तरी द्या की जुनं जुन्याच्या जागी ऱ्हाईल आन् नवं नव्याच्या." आम्ही बनवायचो ते हेच. कुठल्याही मजकुरात कुणी, कधी, काय बदल केला हे जपून ठेवणारं आणि हवा तेव्हा हवा तो जुना मजकूर काढून देणारं सॉफ्टवेअर. आबांना हे लगेच पटलं. पुढं कुणी विचारलं की ते सांगायचे, "आमची सून नवरदेव बदलू देत न्हाई."

त्या ऑफिसात माझं खरं काम रिव्ह्यूचं, म्हणजे तपासणीचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीही परस्पर बदल करायचा नाही असा नियम होता. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं ओळ न् ओळ वाचायची, खोट काढायची, पहिल्यानं दुरुस्त करायचं, आणि दुसऱ्यानं 'मान्य' म्हटल्यावरच बदल आत जायचा. मुलगी बघायला जातात तसंच हे. फरक एवढाच की इथं खोट तोंडावर सांगायची असते आणि ज्याची खोट निघाली त्यानं 'बरं झालं' म्हणायचं असतं. बदल आत जाताना त्याच्या टिपणीत शेवटी एक ओळ लिहायची: 'तपासून मान्य', आणि पुढं तपासणाऱ्याचं नाव. त्या ओळीला कुलूप नव्हतं, सही नव्हती. ज्याचं नाव त्यानं खरंच मान्य केलंय, या विश्वासावर सगळं चालायचं.

मला या कामाचा अभिमान होता, आजही आहे. लोक म्हणायचे वैशालीताईंच्या हातून बदल सुटला म्हणजे निर्धास्त झोपावं. लिहिणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याचं लिहिलेलं मन लावून वाचणारा मिळत नाही.

ज्याचं वाचायला मला सगळ्यात आवडायचं तो यासीन. जुन्नरचा. घरी पिढीजात पुस्तकबांधणीचं काम. रोज एसटीनं नारायणगाव आणि तिथून कळंब असा यायचा, आणि उशीर झाला की जिन्यातूनच ओरडायचा, "गाडी लेट, मी न्हाई!" वयानं माझ्याएवढाच, पण मला ताई म्हणायचा. त्याचं लिहिणं त्याच्या वडिलांच्या बांधणीसारखं होतं, टाका दिसायचा नाही. आमची रोज भांडणं व्हायची. दुपारी लाइट गेली की इन्व्हर्टर वाचवायला आम्ही कॉम्प्युटर बंद करायचो आणि त्याच्या बदलाची छापील पानं घेऊन गॅलरीत बसायचो. मी लाल पेन घेऊन, आणि तो पेनाकडे बघत.

आता थोडं धंद्यातलं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये साठवलेल्या प्रत्येक बदलाला एक नाव मिळायचं. ते कुणी ठेवायचं नाही. बदलाच्या सगळ्या मजकुराचं गणित करून सॉफ्टवेअरच ते काढायचं: आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून चाळीस जणांची रांग. मजकुरात एक स्वल्पविराम हलला तरी नाव पार वेगळं. त्यामुळे दोन बदलांना एकच नाव येईल ही भीती नाही. पण चाळीस अक्षरं लिहिणार कोण, बोलणार कोण? म्हणून पडद्यावर पहिली सातच दाखवायची. माणसानं ती सात दिली की सॉफ्टवेअर पूर्ण नाव शोधून काढायचं. आपल्याकडे नाही का, दत्तात्रय कोंडाजी हे पूर्ण नाव सातबाऱ्यावर, आणि एरवी सगळ्या गावाला डी. के.

साठा लहान असतो तोवर सात अक्षरं पुरतात. साठा वाढला की कधीतरी दोन बदल निघतात ज्यांची पहिली सात अक्षरं सारखी.

हे आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडे झालं. चाकणचा एक कारखाना. तिथल्या यंत्रांना कुठं किती भोक पाडायचं, किती तासायचं, हे सांगणारे प्रोग्रॅम असत. ते सगळे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये साठवलेले. कुठला माल काढायचा असला की त्याच्या प्रोग्रॅमची सात अक्षरं कार्डावर लिहून ते कार्ड यंत्राला चिकटवायचे. ऑपरेटर ती सात अक्षरं टाकायचा आणि यंत्र कामाला लागायचं. प्रत्येक पाळीत नवे बदल साठवून साठवून त्यांचा साठा अफाट झाला, आणि एक दिवस एका कार्डावरच्या सात अक्षरांनी दोन प्रोग्रॅमची नावं सुरू व्हायला लागली. आमचं सॉफ्टवेअर म्हणालं, 'नाव स्पष्ट नाही', आणि अडून बसलं. कारखान्याचे मॅनेजर देसाई यांनी फोन करून सरांना सुनावलं, "तुमचं सॉफ्टवेअर आमच्या माणसांशी हुज्जत घालतंय."

त्याच सुमाराला त्यांचा करार संपत आला होता. सरांनी आम्हाला सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "हा कारखाना राहिला तर कळंबचं ऑफिस राहील. हा गेला तर मला सगळं पुण्याला न्यावं लागेल." ते बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, पण बघायची गरजही नव्हती. खोलीतल्या बाकीच्यांना पुण्याला जाता आलं असतं. न जाता येणारी एकटी मी होते.

दुरुस्तीचं काम यासीनकडे आलं आणि रिव्ह्यू माझ्याकडे.

त्याचा पहिला प्रयत्न दिसायला देखणा होता. सात हा आकडा त्यानं काढूनच टाकला. एखादं नाव वेगळं ओळखू यायला आज जेवढी अक्षरं लागतात तेवढीच दाखवायची, कुठं सहा, कुठं नऊ. मी पानावर लाल रेघ मारली.

"आज वेगळं आहे ते उद्या वेगळं राहील कशावरून? कार्ड आज लिहिणार, वापरणार पुढच्या वर्षी."

"मंग काय चाळीसच्या चाळीस लिव्हायची?" यासीन वैतागला.

"नाही. लागतात त्याच्यापेक्षा चार जास्त दाखव. साठा वाढेल तसा आकडा आपोआप वाढू दे."

दुसऱ्या खेपेला त्यानं ते केलं, पण यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी सगळा साठा धुंडाळत होता. मोठ्या साठ्यावर यादी उघडायला चहा पिऊन यावं लागलं असतं. पुन्हा लाल रेघ. तो म्हणाला, "ताई, तुमी खोट काढायलाच बसलाय." मी म्हटलं, पगारच त्याचा घेते. तिसऱ्या खेपेला मात्र असं काही लिहून आणलं की मी पेन खाली ठेवलं. वेग होता, पुढची सोय होती, आणि त्यानं एक गोष्ट स्वतःच्या डोक्यानं घातली होती. यंत्रांना चिकटवलेली जुनी कार्डं तर सातच अक्षरांची राहणार, ती कोण बदलणार? तेव्हा अशा सात अक्षरांना दोन प्रोग्रॅम सापडले तर सॉफ्टवेअरनं नुसतं अडून बसायचं नाही. दोन्ही पुढं मांडायचे, कुणी केला, कधी केला, कशासाठी केला हे दाखवायचं, आणि विचारायचं: यातला कुठला?

मी मान्य लिहिलं, माझ्या हातानं. त्या दिवशी आम्ही दोघांनी खाली टपरीवर भजी खाल्ली.

सर ते देसाईंना दाखवून आले आणि परत आले ते तोंड वाकडं करून. देसाईंचं म्हणणं, ऑपरेटरला प्रश्न विचारायचा नाही. त्याला अक्षरं टाकता येतात, निवड करायला तो बसलेला नाही. सर यासीनला म्हणाले, "दोन सापडले तर शेवटचा घे. नवा तो चांगलाच असणार. तीन ओळींचं काम आहे."

यासीननं तीन ओळी लिहिल्या. त्या रिव्ह्यूला माझ्यासमोर आल्या, आणि मी छापील पानावर त्यांच्याखाली लाल पेनानं लिहिलं: अमान्य. कारणही लिहिलं. कारखान्यात नवा प्रोग्रॅम म्हणजे अजून चाचणीत असलेला. कार्डावर असतो तो जुना, खात्रीचा. ऑपरेटर खात्रीचा मागणार आणि आपण त्याच्या हातात न विचारता कच्चा देणार.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "वैशालीताई, हा करार तुमच्याचसाठी तर चाललाय. आणि तुम्हीच अडवताय?"

"सर, सॉफ्टवेअरला माहीत नसेल तर त्यानं विचारावं. अंदाज करू नये."

"अंदाज सगळं जग करतं."

मग मी त्यांना आबांची गोष्ट सांगितली. आदल्या वर्षी कळंबच्या नाक्यावर एका एसटी कंडक्टरनं आबांना बातमी दिली, "ओतूरचं डी. के. गेलं." आता ओतूरला आमच्या भावकीत डी. के. दोन. एक माझे चुलत चुलते, ऐंशी ओलांडलेले. दुसरा तिशीतला, ट्रॅक्टर चालवणारा. आपल्याकडे एरवी कुणाचंही नाव निघालं की पहिला प्रश्न असतो, कुठला, मळ्यातला का पेठेतला? पण मयताच्या बातमीला तसं विचारत नाहीत, वाईट दिसतं. आबांनी विचारलं नाही. म्हातारं माणूस, तेच गेलं असणार. जीप केली, आठ माणसं घेतली आणि ओतूरला म्हाताऱ्यांच्या दारात उतरले. रीतीप्रमाणे बायकांनी उंबऱ्यातच गळा काढला. तर म्हातारे ओट्यावर भाकरी खात बसलेले. घास तसाच धरून उठले आणि घाबरून विचारायला लागले, "अरं कोण गेलं? मला कुणी सांगितलंच न्हाई!" त्यांना समजावून, पाणी पाजून, माफी मागून माणसं खऱ्या घरी पोचेपर्यंत त्या तरण्या पोराचं सगळं उरकलं होतं. त्याची आई आबांना एवढंच म्हणाली, "पावणं, तुमी तर जवळचं. तुमची वाट बघितली आमी." आबा त्या रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, "येक शबुद इचारला असता तर काय बिघडलं असतं?"

सर पोट धरून हसले. "हे मी देसाईंना सांगू का? मयताची गोष्ट?"

"सांगा," मी म्हटलं. "त्यांच्या लक्षात राहील."

"तुमचं म्हणणं माझ्या लक्षात आलं," असं म्हणून सरांनी संभाषण संपवलं. मी बाहेर येऊन यासीनला सांगितलं, तीन ओळी रद्द. तो पुन्हा पडद्याकडे वळला. मला वाटलं, त्याला हायसं वाटलं असेल.

करार झाला. पेढे आले. ऑफिस कळंबलाच राहिलं. सासूबाईंनी मारुतीला नारळ फोडला. मी माझ्याकडचे पुढचे बदल वाचत बसले. आपण आडवं लावलं तरी सगळं नीट झालं, म्हणजे शहाण्यासारखं वागूनही पोट भरतं, असं मला वाटायला लागलं होतं. तो काळ फार सुखाचा गेला, आणि म्हणूनच आता आठवला की माझं डोकं फिरतं.

मग एके दिवशी सकाळी देसाई स्वतः कळंबला आले. त्यांच्याकडे एका यंत्रावर कार्डावरची सात अक्षरं टाकली होती आणि यंत्रानं खात्रीच्या प्रोग्रॅमऐवजी चाचणीतला कच्चा प्रोग्रॅम चालवला होता. अख्ख्या पाळीचा माल भंगारात गेला, यंत्राचं डोकं मोडलं. नशिबानं माणूस वाचला. सरांनी आम्हाला सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, जुनंच काहीतरी राहून गेलं असेल, शोधू.

सरांनी भिंतीवर तो बदल लावला. त्याच तीन ओळी. दोन सापडले तर शेवटचा घे. लिहिणारा, यासीन. आणि त्याच्याखाली, शेवटच्या ओळीत: 'तपासून मान्य', आणि पुढं माझं नाव.

मला आधी कळेचना. आपलंच नाव वाचायला मला वेळ लागला.

"आमची पद्धत कडक आहे," सर देसाईंना सांगत होते. "प्रत्येक बदल दुसरा माणूस तपासतो. पण शेवटी माणसंच ती. गावाकडे अनुभव कमी पडतो."

"हे मी मान्य केलेलं नाही," मी म्हटलं. "मी अमान्य लिहिलं होतं. कारणासकट."

देसाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग तुमचं नाव तिथं आपोआप आलं का, मॅडम?"

"वैशालीताई," सर मऊ आवाजात म्हणाले, "आपण घरातली माणसं. हे आपण नंतर बोलू."

मी यासीनकडे पाहिलं. माझा नकार त्यानं वाचला होता. तो बदल आत ढकलला त्यानंच, सरांच्या सांगण्यावरून, आणि ती शेवटची ओळ कुणी सांगितली हे त्या खोलीत तीनच माणसांना कळलेलं होतं, त्यातली एक मी, आणि मला ते त्या क्षणी कळत होतं. माझा नकार छापील पानावर लाल पेनानं होता. ती पानं रद्दीत गेली होती. यासीननं फक्त तोंड उघडायचं होतं. तो की-बोर्डवरची धूळ बोटानं पुसत बसला. बोलणं संपेपर्यंत तो की-बोर्ड लख्ख झाला होता.

कारखाना गेला. ऑफिसही गेलं. सर करून सवरून नामानिराळे राहिले. वर्तमानपत्रात पुन्हा त्यांचा फोटो आला, पुण्यातल्या नव्या ऑफिसच्या उद्घाटनाचा. बाकी सगळ्यांना तिकडे बोलावलं. मलाही बोलावलं असतं की नाही ते मला माहीत नाही, कारण विचारायची वेळच आली नाही. मी जाणार नाही हे त्यांना माहीत होतं. खापर फोडायला याच्याइतकं सोयीचं डोकं दुसरं नव्हतं.

निरोपाच्या आधी यासीन घरी आला. आबा ओट्यावर होते, त्यांनी त्याला पाणी दिलं. तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "ताई, मी बोललो असतो तर दोघंबी गेलो असतो. घरी दोन बहिणींची लग्नं व्हायचीत."

"तू बोलला असतास तर मी खोटी पडले नसते," मी म्हटलं.

"नोकरी तर ऱ्हायली नसतीच तुमची."

"नाव राहिलं असतं."

तो गेल्यावर आबा म्हणाले, "पोरगं वाईट न्हाई." मी म्हटलं, वाईट माणसाचं मला काही वाटलं नसतं. अविनाश सरांवर माझा राग आहेच, पण तो सरळ राग आहे. यासीनवरचा राग मला अजून नीट घडी घालून ठेवता येत नाही. ज्याच्या ओळी मी जीव लावून वाचल्या, त्यानं माझ्या नावाखाली काहीही जाऊ दिलं.

मी पुन्हा सॉफ्टवेअर केलं नाही. दोन-तीन ठिकाणी घरून करण्याजोगं काम विचारलं. एका ठिकाणच्या बाई फोनवर चांगल्या बोलल्या आणि मग म्हणाल्या, "तुम्ही त्या चाकणच्या प्रकरणातल्या का?" हे क्षेत्र लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. मंचरला एका कॉलेजात शिकवायला लागले. अजून शिकवते. मुलांना रिव्ह्यू शिकवते, आणि 'मान्य' हा शब्द लिहिण्याआधी हात धुऊन यावं असं सांगते. ती हसतात.

बऱ्याच वर्षांनी यासीन पुन्हा आला, स्वतःच्या गाडीनं. सरांनी ते सॉफ्टवेअर पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला विकलं होतं आणि यासीन तिथं त्याच सॉफ्टवेअरचा प्रमुख झाला होता. केस पांढरे, आवाज तोच. बहिणींची लग्नं झाली, मुलगा इंजिनियरिंगला आहे, असं सांगत बसला. मग म्हणाला, "ताई, ती ओळ मला टोचती. काढाया बसलो व्हतो येकदा."

त्यानं लॅपटॉप उघडून मला ती दाखवली. तशीच होती. 'तपासून मान्य', माझं नाव.

"पन काढता येत न्हाई," तो म्हणाला.

मला हे त्यानं सांगायची गरज नव्हती. बदलाचं नाव त्याच्या सगळ्या मजकुरातून निघतं, आणि त्या मजकुरात माझी ती ओळही आहे. ओळ काढली की नाव बदललं. आणि प्रत्येक बदल आपल्या आधीच्याचं नाव पोटात घेऊन असतो, म्हणजे त्याच्या पुढच्याचंही बदललं, त्याच्याही पुढच्याचं, असं पार आजपर्यंतच्या सगळ्यांचं. कुठं कुठं लिहून ठेवलेली हजारो नावं एका दिवसात खोटी पडली असती. माझ्या एका ओळीसाठी. असा बदल माझ्याकडे रिव्ह्यूला आला असता तर मीच तो अमान्य केला असता, आणि तसं त्याला सांगितलं.

त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद दिसला. तो लॅपटॉप मिटायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "जुनी ओळ काढता येत नाही. पण त्या बदलाला नवी टिपणी जोडता येते, त्यानं कुणाचंच नाव बदलत नाही. ही सोय तुझ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, मला माहीत आहे. तिच्यात लिही, की ही मान्यता वैशालीताईंनी दिली नव्हती. आणि खाली तुझं नाव लिही. आत्ता, इथं बसून. चहा होईपर्यंत होईल."

आतून सासूबाईंनी विचारलं, पाहुण्यांना साखर किती. यासीन लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मी त्याला वेळ दिला. मला अजूनही आशा होती, खोटं कशाला सांगू.

"कंपनीला इचारावं लागंल, ताई," तो शेवटी म्हणाला. "बगतो मी."

अजून बघतोय.